‘थोडी वाट पाहा’ : स्वमग्नता ओळखायला डॉक्टर कसे शिकले

१/२६
हिवतापाचे परजीवी रक्ताच्या थेंबात दिसतात. मोडलेले हाड क्ष-किरणांच्या चित्रात दिसते. स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, मात्र आजही कोणत्याही रक्ततपासणीने वा मेंदूच्या छायाचित्राने ठरवता येत नाही. मूल कसे पाहते, कसे खेळते, कसे बोलते, हाकेला ओ देते की नाही, यांवरूनच तिचे निदान करावे लागते. त्यामुळे स्वमग्नतेचा इतिहास हा बऱ्याच अंशी डॉक्टरांची नजर घडण्याचा, बिघडण्याचा आणि पुन्हा घडण्याचा इतिहास आहे.

२/२६
या इतिहासात एक गोष्ट पुनःपुन्हा आढळते. मुलात काही वेगळे आहे हे बहुधा आईवडिलांच्या लक्षात आधी येते. त्यांच्या निरीक्षणाला डॉक्टरांनी पुरावा मानले तेव्हा ज्ञान पुढे सरकले. त्यांनाच आरोपी ठरवले किंवा ‘थोडी वाट पाहा’ म्हणून परत पाठवले, तेव्हा ते अडले आणि मुलांची वर्षे वाया गेली. वैद्यकीय पदवी हाती पडल्यानंतरही डॉक्टरांना का शिकत राहावे लागते, याचे इतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

३/२६
प्रथम शब्दाविषयी. ‘स्वतः’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी ‘ऑटिझम’ ही संज्ञा घडवली आणि १९११ च्या आपल्या ग्रंथात ती स्किझोफ्रेनियाच्या एका लक्षणासाठी वापरली. आपल्याच विश्वात बुडून जाणे, असा तिचा अर्थ. मराठीतील ‘स्वमग्नता’ हा शब्द त्याच अर्थाचा. मॉस्कोत ग्रुन्या सुखारेवा यांनी १९२५ साली सहा मुलग्यांचे जे वर्णन प्रसिद्ध केले, ते आजच्या स्वमग्नतेच्या वर्णनाशी विलक्षण जुळते. पुढच्या वर्षी ते जर्मन भाषेतही आले. तरीही कित्येक दशके ते पाश्चात्त्य वैद्यकाच्या विस्मरणातच राहिले.

४/२६
कथेचा मुख्य प्रवाह अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात सुरू होतो. १९३० साली जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या बालरोग विभागात लिओ कॅनर यांनी मुलांसाठी मानसोपचाराचा दवाखाना उघडला. कॅनर मूळचे ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातले. १९२४ साली ते अमेरिकेत आले होते. या दवाखान्याचे वैशिष्ट्य त्याच्या जागेत होते. वेड्यांच्या इस्पितळात न मांडता तो बालरोगतज्ज्ञांच्या शेजारी मांडला होता. सर्दीखोकला पाहणाऱ्या डॉक्टरांना मुलांचे मन पाहायला शिकवणे, हा त्यामागील हेतू होता. १९३५ साली कॅनर यांनी बालमानसोपचारावर इंग्रजीतील एक पायाभूत पाठ्यपुस्तकही लिहिले.

५/२६
१९३८ साली मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या लहान गावाहून कॅनर यांच्याकडे एक टंकलिखित पत्र आले. त्याची पाने होती तेहेतीस. लिहिणारे बीमन ट्रिपलेट हे वकील होते आणि विषय होता त्यांचा पाच वर्षांचा मुलगा डोनाल्ड. मूल काय खाते, कोणते शब्द पुनःपुन्हा उच्चारते, गोल वस्तू कशा फिरवत बसते, माणसे आलीगेली तरी मान कशी वर करत नाही, याचा तपशील वडिलांनी त्यात नोंदवला होता. तोवर डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार डोनाल्डला घरापासून दूर एका संस्थेत ठेवून झाले होते. आईवडिलांनी त्याला परत घरी आणले आणि बाल्टिमोरला नेले.

६/२६
१९४३ साली कॅनर यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात अकरा मुले होती, आठ मुलगे आणि तीन मुली. पहिले नाव अर्थातच ‘डोनाल्ड टी.’ माणसांशी भावनिक धागा जुळण्यातील अडचण आणि सारे काही जसेच्या तसे राहावे असा आग्रह, ही दोन सूत्रे कॅनर यांनी त्यातून काढली. ही अडचण जन्मजात आहे, असेही त्यांनी लिहिले. डोनाल्डची प्रकरणकथा ज्या तपशिलावर उभी आहे, त्याचा मोठा भाग त्या पित्याच्या पत्रातून आला होता. वैद्यकाच्या एका नव्या प्रकरणाची सुरुवात अशी घरच्या टिपणांतून झाली.

७/२६
याच सुमारास व्हिएन्नात हान्स आस्परगर यांनी १९४४ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. आस्परगर स्वतः बालरोगतज्ज्ञ होते आणि विद्यापीठाच्या बालरुग्णालयातील विशेष शिक्षण विभागात काम करत. त्यांच्या वर्णनातील मुले बोलकी, एखाद्या विषयात पार बुडून गेलेली, पण माणसांत अवघडलेली होती. या दोन शहरांना जोडणारा दुवाही आहे. व्हिएन्नाच्या त्याच विभागात काम केलेले गेओर्ग फ्रांक्ल हे ज्यू डॉक्टर अमेरिकेत येऊन कॅनर यांच्याकडे रुजू झाले होते, आणि डोनाल्डला तपासणाऱ्यांत तेही होते.

८/२६
व्हिएन्नातील या अध्यायाला काळी किनार आहे. नाझी राजवटीत ‘आम श्पीगेलग्रुंड’ या संस्थेत शेकडो अपंग मुलांचा जीव घेतला गेला. आस्परगर यांनी काही मुलांना तेथे पाठवल्याचे दस्तऐवज इतिहासकार हेर्विग चेक यांनी २०१८ साली प्रकाशात आणले. निदान म्हणजे केवळ नाव देणे नव्हे. डॉक्टरच्या सहीने मुलाचे पुढचे आयुष्य ठरते. ज्या व्यवस्थेत मुलाची किंमत त्याच्या उपयुक्ततेवर मोजली जाते, तेथे अचूक निरीक्षणही घातक ठरू शकते.

९/२६
युद्धानंतर अमेरिकेत ज्ञानाची गाडी उलट दिशेने वळली. त्या काळी मनोविश्लेषणाचा प्रभाव मोठा होता आणि मुलाच्या प्रत्येक अडचणीचे मूळ आईच्या वागण्यात शोधले जाई. जन्मजात असे लिहिणारे कॅनरही १९४९ च्या निबंधात पालकांच्या थंडपणाविषयी बोलू लागले. मुलांना शीतकपाटात ठेवल्याची उपमा त्यांनी वापरली. त्यातून ‘रेफ्रिजरेटर मदर’, म्हणजे थंड काळजाची आई, हे बिरुद रूढ झाले. १९५२ च्या अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात स्वमग्नतेला स्वतंत्र स्थानही नव्हते. ही मुले बालपणीच्या स्किझोफ्रेनियात मोजली जात.

१०/२६
या कल्पनेला सर्वाधिक प्रसिद्धी मिळाली ब्रुनो बेटेलहाइम यांच्यामुळे. शिकागो विद्यापीठाच्या निवासी शाळेचे ते संचालक होते. १९६७ साली आलेल्या ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ या पुस्तकात त्यांनी मुलाच्या स्वमग्नतेची जबाबदारी पालकांवर टाकली. मुलाला आईवडिलांपासून वेगळे करणे हाच मग उपचार ठरला. पुस्तक गाजले, सामान्य वाचकांपर्यंत पोहोचले, आणि डॉक्टरही अखेर त्याच समाजातले वाचक होते.

११/२६
या सिद्धान्ताने निदानाचे साधनच मोडले. वागण्यावरून निदान करायचे तर मुलाला दिवसाचे चोवीस तास पाहणाऱ्या माणसाची साक्ष हवी. पण ती साक्ष देणारी आईच जेथे आरोपी, तेथे तिच्या प्रत्येक वाक्याचा अर्थ तिच्याविरुद्ध लागणार. ती तपशील सांगते म्हणजे अति चिकित्सक; ती शांत राहते म्हणजे थंड. पालकांवरील अन्याय तर उघडच होता. शिवाय डॉक्टरांनी आपला सर्वोत्तम माहितीस्रोत आपल्याच हाताने बंद केला.

१२/२६
दार पुन्हा उघडले ते एका पित्याने. बर्नार्ड रिमलँड हे अमेरिकी नौदलात मानसशास्त्रज्ञ होते. १९५६ साली त्यांचा मुलगा मार्क जन्मला. त्याची अवस्था समजून घेण्यासाठी त्यांनी उपलब्ध शास्त्रीय वाङ्मय पालथे घातले आणि १९६४ साली ‘इन्फंटाइल ऑटिझम’ हे पुस्तक लिहिले. स्वमग्नतेचे मूळ मेंदूच्या जडणघडणीत आहे, असे त्यांनी पुराव्यांनिशी मांडले. प्रस्तावना खुद्द कॅनर यांची होती. पुस्तकाच्या अखेरीस पालकांनी भरावयाची एक प्रश्नावली होती. आईवडील ती भरून रिमलँड यांच्याकडे पाठवू लागले. पालकांची साक्ष पुन्हा कागदावर आली.

१३/२६
पालक संघटितही होऊ लागले. १९६२ साली ब्रिटनमध्ये आणि १९६५ साली अमेरिकेत त्यांच्या राष्ट्रीय संस्था उभ्या राहिल्या. १९६९ साली अमेरिकेतील संस्थेच्या सभेत वृद्ध कॅनर उभे राहिले आणि पालकांना दोषमुक्त केल्याचे त्यांनी जाहीर केले. वैद्यकाच्या इतिहासात असा प्रसंग विरळाच. पण सभागृहातील घोषणा आणि गावोगावच्या दवाखान्यांतील समजूत यांत अंतर असते. पाठ्यपुस्तकातून पुसलेला सिद्धान्त पाठ केलेल्या डॉक्टरच्या मनात पुढे कितीतरी वर्षे जगत राहतो.

१४/२६
१९७७ साली सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या भावंडांच्या एकवीस जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच बीजांडापासून झालेल्या अकरा जोड्यांपैकी चार जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न होती; वेगवेगळ्या बीजांडांपासून झालेल्या दहा जोड्यांत तशी एकही नव्हती. संख्या लहान, पण निष्कर्ष बोलका होता. दोन्ही प्रकारच्या जुळ्यांना आई तीच, घरही तेच. मग हा फरक येतो कोठून? आनुवंशिकतेच्या संशोधनाचा रस्ता येथून उघडला आणि थंड काळजाच्या आईचा सिद्धान्त शास्त्राच्या कसोटीवर कोसळला.

१५/२६
पुढची उडी लंडनमध्ये पडली. १९६६ साली व्हिक्टर लॉटर यांनी मिडलसेक्स भागात कॅनर यांच्या व्याख्येच्या जवळपास राहून गणना केली, तेव्हा दर १०,००० मुलांमागे सुमारे साडेचार मुले आढळली. १९७९ साली लॉर्ना विंग आणि जुडिथ गूल्ड यांनी कॅम्बरवेल भागात शोध घेतला. सामाजिक देवाणघेवाण, संवाद आणि कल्पनाशक्ती या तिन्हींत अडचण असलेली मुले दर १०,००० मागे वीसच्या आसपास निघाली. विंग या मनोविकारतज्ज्ञ तर होत्याच, शिवाय एका स्वमग्न मुलीच्या आईही होत्या. स्वमग्नता म्हणजे एकच साचा नव्हे, ती वर्णपटासारखी अनेकरंगी आहे, ही दृष्टी त्यांच्यामुळे रूढ झाली. आस्परगर यांचे काम इंग्रजी जगाला ठळकपणे माहीत झाले तेही त्यांच्या १९८१ च्या निबंधाने.

१६/२६
आता प्रश्न शिक्षणाचा. १९८० साली अमेरिकी वर्गीकरणात स्वमग्नतेला प्रथमच स्वतंत्र नाव मिळाले. १९८७ साली निकष रुंदावले, १९९४ साली आस्परगर सिंड्रोमची भर पडली आणि २०१३ साली सारे पोटभेद ‘ऑटिझम स्पेक्ट्रम’ या एकाच नावाखाली आले. १९७५ साली पदवी घेतलेल्या डॉक्टरची कल्पना करावी. निवृत्तीपर्यंत त्याच्या हयातीत या अवस्थेची व्याख्या चार वेळा बदलली. विद्यार्थिदशेत वाचलेले एक पान आणि परीक्षेपुरता पाठ केलेला एक परिच्छेद यांवर त्याने आयुष्यभर निदान करायचे म्हटले, तर चुकणार कोण? दवाखान्यात आलेले मूल.

१७/२६
व्याख्या समजली तरी नेमके काय पाहायचे, हे उरतेच. १९९२ साली सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये अठरा महिन्यांच्या मुलांसाठी ‘चॅट’ नावाची छोटी तपासणी सुचवली. तिच्या केंद्रस्थानी होते बोट दाखवणे. बिस्किट हवे म्हणून बोट दाखवणे वेगळे. आकाशातला चांदोबा दिसला की तिकडे बोट करून आईच्या तोंडाकडे पाहणे वेगळे. त्यात ‘तूही बघ ना’ हे आमंत्रण असते. हे दुसरे बोट अठराव्या महिन्यातही दिसत नसेल, इतरांच्या नजरेमागे नजर जात नसेल आणि लुटुपुटीचा खेळ नसेल, तर सावध व्हावे, असा तिचा अर्थ. प्रत्येक मराठी आजीला ठाऊक असलेली बाब आता डॉक्टरांच्या कागदावर आली.

१८/२६
चॅटमध्ये काही प्रश्न पालकांसाठी होते आणि काही निरीक्षणे डॉक्टर वा परिचारिकेने करायची होती. सोळा हजारांहून अधिक मुलांवर ती वापरून पाहिल्यावर दोन्ही बाजू दिसल्या. तिने धोका दाखवलेली मुले बहुधा खरोखर स्वमग्न निघत. परंतु पुढे स्वमग्न ठरलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक तिच्या जाळीतून निसटली होती. २००१ साली डायना रॉबिन्स आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत ‘एम-चॅट’ आणली. तिच्यातून डॉक्टरांचे निरीक्षण काढून टाकले होते. सारे तेवीस प्रश्न पालकांसाठी होते. २०१४ च्या सुधारित आवृत्तीत ते वीस झाले आणि शंकास्पद उत्तरांवर पुन्हा नीट विचारपूस करण्याची पायरी तिचा अविभाज्य भाग बनली. पालकांचे ऐकणे ही सौजन्याची बाब न राहता तपासणीची पद्धत बनली.

१९/२६
पण ऐकणे म्हणजे प्रत्येक स्पष्टीकरण मान्य करणे नव्हे. १९९८ साली ‘द लॅन्सेट’मध्ये अँड्र्यू वेकफील्ड आणि सहकाऱ्यांचा बारा मुलांवरील निबंध आला आणि गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीविषयी संशय पसरला. पुढील मोठ्या अभ्यासांत असा संबंध आढळला नाही. २०१० साली नियतकालिकाने निबंध मागे घेतला आणि वेकफील्ड यांचे नाव ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदवहीतून काढले गेले. ही लस आणि स्वमग्नतेची पहिली ठळक लक्षणे साधारण एकाच वयात येतात. आईने पाहिलेला बदल खरा असतो. त्याचे लशीशी जोडलेले नाते चुकीचे असते. दोन्ही गोष्टी एकाच भेटीत, आईचा अपमान न करता सांगणे, हेही डॉक्टरांना शिकावे लागले.

२०/२६
२००१ साली अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने स्वमग्नतेतील बालरोगतज्ज्ञांच्या भूमिकेविषयी धोरण जाहीर केले. पाच वर्षांनी, २००६ साली, मेरीलँड आणि डेलावेअर राज्यांतील पाहणी प्रसिद्ध झाली. सर्वसाधारण विकासाची तपासणी नियमित करणारे बालरोग चिकित्सक होते ८२ टक्के; स्वमग्नतेसाठी खास तपासणी करणारे केवळ ८ टक्के. २००७ साली अकादमीने स्पष्ट शब्दांत सांगितले की अठराव्या आणि चोविसाव्या महिन्यात प्रत्येक मुलाची ही तपासणी व्हावी. सोबत डॉक्टरांसाठी माहितीसंचही काढला.

२१/२६
ज्ञान आणि कृती यांत इतकी दरी का पडते? भेटीला मिळणारी मिनिटे थोडी, चुकीचे नाव देण्याची भीती मोठी आणि शंका आली तरी पाठवायचे कोठे हे ठाऊक नाही. ही दरी सर्वांना सारखी भोवत नाही. फिलाडेल्फियातील सरकारी विम्याखालील मुलांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. गोऱ्या मुलांना निदान सरासरी ६.३ व्या वर्षी मिळाले होते, कृष्णवर्णीय मुलांना ७.९ व्या वर्षी. ‘थोडी वाट पाहा’ हे वाक्य कोणाच्या वाट्याला अधिक येते, हे त्या आकड्यांत दिसते. चाळणीचा वादही संपलेला नाही: पालकांना वा डॉक्टरांना कोणतीही शंका नसलेल्या मुलांच्या सरसकट तपासणीचा लाभ-तोटा ठरवण्यास पुरावा अपुरा आहे, असे मत अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०१६ साली दिले.

२२/२६
शिक्षणाची नवी रीत आली ती एका वेगळ्याच आजारातून. न्यू मेक्सिको राज्यात यकृततज्ज्ञ संजीव अरोरा यांच्याकडे हिपॅटायटिस सी चे रुग्ण शेकडो मैलांवरून येत आणि महिनोन्महिने ताटकळत. २००३ साली त्यांनी ‘प्रोजेक्ट एको’ सुरू केला: रुग्णाला शहरात आणण्याऐवजी गावातील डॉक्टरला दूरचित्रसंवादावर तज्ज्ञांशी नियमित जोडायचे आणि त्याच्याच रुग्णांवर चर्चा करत त्याला शिकवायचे. मिसुरी विद्यापीठात क्रिस्टिन सोल यांनी ही रीत स्वमग्नतेसाठी आणली. तेथील तज्ज्ञमंडळात बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ यांच्यासोबत स्वमग्न मुलाचे पालकही बसतात. सत्तर वर्षांपूर्वी आरोपीच्या पिंजऱ्यात असलेले पालक आता शिक्षकाच्या आसनावर आले.

२३/२६
या पद्धतीची कठोर परीक्षाही झाली. दहा केंद्रांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. सहभागी डॉक्टरांचे ज्ञान वाढले, आत्मविश्वासही वाढला. परंतु रुग्णांच्या नोंदी तपासल्या तेव्हा प्रत्यक्ष तपासणीच्या सवयींत लक्षणीय बदल दिसला नाही. हा निकाल दडवला गेला नाही, हीच त्यातील उमेदीची बाब. डॉक्टरला माहिती दिली की दवाखाना बदलतो, हा भाबडा समज त्याने मोडला. वेळ, मनुष्यबळ आणि पुढे पाठवण्याची सोय यांची जोड नसेल, तर शिक्षण वहीतच राहते.

२४/२६
भारतात ‘थोडी वाट पाहा’ला घरचाही दुजोरा असतो. ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘याचा बापही चौथ्या वर्षी बोलला’ ही वाक्ये मराठी घरांत सहज ऐकू येतात. येथेही सुरुवात पालकांनीच केली. १९९१ साली दिल्लीत मेरी बरुआ यांनी ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था सुरू केली. त्या स्वतः एका स्वमग्न मुलाच्या आई. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नतेचा समावेश झाला आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तिला दिव्यांगत्वाच्या यादीत स्थान दिले. मुंबईत २००१ साली स्थापन झालेल्या ‘उम्मीद’ या बालविकास केंद्राने मुलांच्या उपचाराबरोबर व्यावसायिकांचे प्रशिक्षणही हाती घेतले. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने अंगणवाडीच्या पातळीवरील तपासणीत विकासातील विलंबाचा अंतर्भाव केला, आणि २०१७ साली भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने स्वमग्नतेच्या निदान-उपचाराविषयी आपले सहमतीचे निवेदन काढले.

२५/२६
निदानानंतर काय, याचे एक उत्तर गोव्याने दिले. ‘संगत’ या संस्थेने गोव्यात आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानातील रावळपिंडीत एक चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २०१६ साली आले. तज्ज्ञ नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी पालकांना मुलाशी संवाद साधण्याची रीत शिकवली. एकूण ६५ कुटुंबांच्या या अभ्यासात आईवडिलांचा मुलाला मिळणारा प्रतिसाद सुधारला आणि मूल स्वतःहून संवाद अधिक सुरू करू लागले. स्वमग्नता ‘बरी करणे’ हा त्याचा हेतू नव्हता. मुलाला त्याच्या घरात आपले म्हणणे पोहोचवता यावे, हा होता. अमेरिकी अकादमीच्या २०२० च्या अहवालातही हीच दिशा दिसते: औपचारिक निदानाची वाट न पाहता मदत सुरू करावी, आणि झोप, पोटाच्या तक्रारी, फेफरे, चिंता यांकडेही तितकेच लक्ष द्यावे. न बोलणारे मूल अचानक डोके आपटू लागले, तर ‘स्वमग्नतेमुळे असेल’ म्हणण्याआधी त्याचा दात वा कान दुखतो का, हे पाहणारा डॉक्टर खरा शिकलेला.

२६/२६
‘डोनाल्ड टी.’ महाविद्यालयात शिकला, गावातील बँकेत नोकरी करू लागला, गोल्फ खेळला, देशोदेशी हिंडला आणि २०२३ साली वयाच्या ८९ व्या वर्षी वारला. त्याच्या घरी पैसा होता आणि गावाने त्याला सांभाळून घेतले. लाखो मुलांच्या वाट्याला यांपैकी काहीच येत नाही. त्यांच्यासाठी फरक पडतो तो दवाखान्यातील त्या एका क्षणाने: आई म्हणते, ‘डॉक्टर, हा हाकेला वळत नाही,’ आणि डॉक्टर एकतर ‘थोडी वाट पाहू’ म्हणतात, नाहीतर पेन उचलून ‘केव्हापासून?’ असे विचारतात. त्या एका प्रश्नापर्यंत पोहोचायला वैद्यकाला सत्तर-ऐंशी वर्षे लागली, आणि प्रत्येक नव्या डॉक्टरला तो नव्याने शिकावाच लागतो.